पिंगळीची यारी

इंजिन आडात पडल्यापासून अंबाबाई नवऱ्याशी तोंडाने कमी आणि कळशीने जास्त बोलत. नदीवरून आणलेली कळशी त्या ओसरीवर अशी टेकवत, की आत बसलेल्या दत्तरावांना सगळे म्हणणे समजे. त्या दिवशी मात्र नुसत्या कळशीने भागले नाही.

“आवो, गावात नवी म्हन निघालीय,” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “आडात इंजान, तर पोहऱ्यात राकेल. बायका पोहरा हुंगून बगायल्यात आन् माझ्याकडं बगून पदराआड हसायल्यात.”

दत्तरावांनी कळशी उचलून आत नेऊन ठेवली. 

ते गावचे मालीपाटील, म्हणजे सारावसुलीचे पाटील. गाव पिंगळी स्टेशनापासून दीड कोसावर, अंमल निजामाचा. दत्तरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि लहानपणी परभणीच्या मदरशात काही वर्षे काढल्यामुळे त्यांना उर्दू येते असा गावाचा समज होता. हा समज दूर करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दौऱ्यावर येणाऱ्या अंमलदारापुढे ते चारसहा वाक्ये बोलत, अंमलदार मान हलवी, आणि गाव धन्य होई.

इंजिन गावाने वर्गणी काढून घेतले होते. राकेलवर चालणारे, पिठाच्या गिरणीसाठी. स्टेशनावरून ते मुंजाजीच्या बैलगाडीत आले. वेशीतून सरळ गिरणीच्या छपराकडे जायचे, एवढाच रस्ता होता. पण दत्तराव म्हणाले, लक्ष्मी घरात येताना तिला पाण्यावर नेतात. इंजिन आधी आडावर न्यायचे, बायकांनी ओवाळायचे, आणि पाटलांनी बंदुकीचा एक बार काढून सलामी द्यायची. मुंजाजीने विचारले होते की इंजिनाला सलामी कामून लागते. त्याला बैलांच्या शिंगांना गेरू लावायला सांगितले.

आडाला लागूनच हरभऱ्याचे शेत होते आणि शेतात करकोचे उतरले होते. दर हिवाळ्याला हे पाखरू उत्तरेकडून माळा धरून येते. राखाडी अंग, काळा गळा, उंची पोराच्या छातीएवढी. कोवळ्या हरभऱ्यावर त्याचा फार जीव. त्या दिवशी शेतात जमीन दिसत नव्हती इतके करकोचे होते. दत्तरावांनी बार काढला, तो बैलांनी सोसला. पण बाराबरोबर अख्खे शेत एका किंकाळीने वर उठले आणि आभाळ राखाडी झाले, ते त्यांना सोसले नाही. बैल उधळले, गाडीचे चाक आडाच्या कठड्यावर चढले. इंजिनाने आधी कठडा नेला, मग ते स्वतः गेले. ओवाळणाऱ्या बायकांचे गाणे निम्म्यात राहिले.

“बार तुमी उडवला, पाटील,” मुंजाजी तेवढ्यातही म्हणाला. “माजे बैल गरीब हायेत.”

गावाने नाडे बांधून चार बैलजोड्या लावल्या. नाडा तुटला. दुसऱ्यांदा इंजिन पुरुषभर वर आले, नाडा पुन्हा तुटला आणि ते गाळात आणखी खोल रुतले. तेव्हापासून गावाच्या बायका नदीवर जात होत्या, आणि जाताना वाट वाकडी करून पाटलांच्या दारावरून जात होत्या.

उपाय सुचवला बन्सीधरने. हा मुंबईच्या गोदीत हमाली करून परत आला होता आणि त्याला जगातल्या बहुतेक गोष्टी माहीत होत्या.

“पाटील, हे बैलाचं काम न्हाई. ह्याला यारी लागती.”

“यारी?”

“गोदीत असती. लोखंडाची, उंटासारखी लांब मान. मानंला साखळी आन् साखळीला आकडा. जहाजातनं अख्खी मोटार उचलून धक्क्यावर ठिवती. आन् लांब कशाला जायचं, पिंगळीला पुलाच्या कामावर एक उभी हाय. म्या सोता पाहिली.”

पिंगळीला खरोखरच तसे यंत्र होते. पुलाचे गर्डर बदलण्यासाठी रेल्वेने ते आणले होते आणि ते बाजूच्या रुळावर मान वर करून उभे असे. त्याचा मुख्य हैदराबादहून आलेला मोहसिन अली नावाचा साहेब होता, तो तिथेच तंबूत राहत होता आणि उर्दूशिवाय बोलत नव्हता.

“तेवढं माझ्यावर सोडा,” दत्तराव म्हणाले.

वाटेत त्यांनी वाक्य तयार केले. इंजिन कसे पडले हे सांगायचे नाही, हे आधीच ठरले होते. साहेब सरकारी माणूस. परवान्याची बंदूक इंजिनाच्या स्वागताला उडवली हे त्याच्या कानावर गेले, की परवाना जाईल, आणि परवान्यामागून पाटीलकी. तेव्हा कारण गाळायचे, मागणी तेवढी करायची. ‘पाहिजे’ला आपल्याकडच्या उर्दूत ‘होना’ म्हणतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘यारी’ हा शब्द तर बन्सीधरने आयता दिला होता. आणि मुंबईच्या गोदीत चालतो तो शब्द पिंगळीच्या सायडिंगवर चालणार नाही, असे मनात येण्याचे काही कारण नव्हते.

साहेब तंबूपुढे खुर्ची टाकून बसले होते. पन्नाशीचे, जाड, मिशा पांढऱ्या, चेहरा कंटाळलेला. दत्तरावांनी वाकून सलाम केला.

“हुजूर, हमारे गाँव को आपकी यारी होना.”

साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. “क्या होना?”

“यारी.”

“मेरी?”

दत्तरावांना हा प्रश्न विचित्र वाटला. सायडिंगवर दुसरी होती कुठे? “आपकीच. दूसरी किसकी है इधर?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कशासाठी, असे त्यांनी फार हळू आवाजात विचारले. गाव के भले के वास्ते, असे दत्तरावांनी ठरल्याप्रमाणे सांगितले. मग मागणी फार मोठी होऊ नये म्हणून पुढे जोडले, “दो दिन के वास्ते दिये तो बस है.”

“पाटिल,” साहेब हसले, “यारी दो दिन की नहीं होती. उमर भर की होती.”

दत्तराव हादरले. सरकार उदार असल्याचे त्यांनी पुष्कळदा ऐकले होते, पण इतके असेल याची कल्पना नव्हती. “इतना नहीं होना, हुजूर. काम हुआ की हम वापस लाके छोडते.”

साहेब आणखी हसले. त्यांचे पोट हलू लागले.

“रस्ता खराब है,” दत्तराव म्हणाले. “हम दस बैल लगाते.”

“दस?” साहेबांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिले. “दो बस हैं.”

यंत्र दिसते त्यापेक्षा हलके असावे, असे दत्तरावांना वाटले. साहेबांनी चहा मागवला, हाताला धरून त्यांना शेजारी बसवले, आणि बराच वेळ बोलत राहिले. त्यातले निम्मे दत्तरावांना समजले. साऱ्या नोकरीत लोक आपल्याकडे आले ते काही ना काही मागायला, किंवा गाऱ्हाणे घेऊन. या मुलखात आल्यापासून तर जेवताना समोर कोणी नसते. असे काहीसे ते होते. दत्तराव योग्य ठिकाणी मान हलवत होते. शेवटी, जुम्म्याची नमाज झाली की येतो, असे साहेबांनी सांगितले आणि उठून गळामिठी मारली. एका यंत्रासाठी हे जरा जास्त होते, पण हैदराबादच्या लोकांची रीत असेल, असे दत्तरावांनी मनाला सांगितले.

गावात त्यांनी एवढेच सांगितले: “शुक्रवारी येती.”

प्रश्न उरला वेशीचा. यारीची मान वेशीच्या दुप्पट आहे, असे बन्सीधरने शपथेवर सांगितले. मान खाली करता येते का, हे त्याला नक्की आठवत नव्हते. दत्तरावांनी थोडा विचार केला आणि वेशीची कमान उतरवायला सांगितली. गावात कोणी हरकत घेतली नाही, कारण पाणी सगळ्यांनाच हवे होते. दोन दिवसांत कमान उतरली, वाटेवरच्या बाभळी छाटल्या, ओढ्यातल्या उतारावर मुरूम पडला. बायकांनी यारीसाठी झेंडूचा हार केला. मान लांब म्हणून हारही लांब.

शुक्रवारी दुपारी छकडा आला. छकड्याला दोनच बैल होते. आत मोहसिन अली साहेब, त्यांचा खानसामा, एक बंदूक आणि मिठाईची करंडी होती. गाव वेशीपाशी उभे होते, आणि साहेब उतरले तरी सगळे त्यांच्या मागच्या रस्त्याकडे पाहत होते. रस्त्यावर धूळ बसत चालली होती आणि धुळीमागे काही नव्हते.

“पाटील,” मुंजाजी हळूच म्हणाला, “मान कुटं हाय?”

साहेबांचे लक्ष मात्र वेशीकडे गेले होते. दोन्ही बाजूंना ताजे उतरवलेले दगड रचलेले होते. ते तिथेच थांबले. पाहुण्यासाठी दरवाजा मोठा करतात, हे त्यांनी बादशहांच्या गोष्टींत ऐकले होते, पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. असे ते दत्तरावांचा हात धरून म्हणाले. तेवढ्यात हार धरून उभ्या असलेल्या बाईला काय करावे सुचेना, म्हणून तिने तो साहेबांच्या गळ्यात घातला. हार गुडघ्याखाली गेला.

यंत्र मागून येत असेल, या आशेवर दत्तरावांनी पाहुण्याला घरी नेले. संध्याकाळपर्यंत ते आले नाही. पाहुणे तर मुक्कामाच्या तयारीनेच आले होते. आणि साहेबांना आडावर तर नेता येत नव्हते. दत्तरावांनी आडावर फळ्या आणि फळ्यांवर कडबा टाकून घेतला, आणि आडाची साफसफाई चालू आहे असे खानसाम्याला सांगितले. मग साहेबांच्या नमाजाआधीच्या वजूचे पाणी, आंघोळीचे पाणी, खानसाम्याच्या पातेल्यांचे पाणी, सगळे नदीवरून येऊ लागले. अंबाबाईंची कळशी आता दर खेपेला नवे काही बोलत होती.

शनिवारी संध्याकाळी साहेब दत्तरावांच्या हाताला धरून शिवारात फिरायला गेले. आभाळात करकोच्यांची माळ आली, वळली आणि लांबच्या हरभऱ्यात उतरली. साहेब रमून पाहत राहिले.

“कुलंग,” ते म्हणाले. “अंग्रेज इसको क्रेन बोलते. मजे की बात देखो पाटिल, हमारी पुलवाली मशीन को भी क्रेनच बोलते. वो लंबी गर्दन के वास्ते.”

दत्तराव चालता चालता थांबले. “उस मशीन को... यारी नहीं बोलते?”

“यारी?” साहेब मनापासून हसले. “मशीन से कैसी यारी? यारी तो आदमी से होती.” आणि त्यांनी दत्तरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

 तंबूपुढचे एकेक वाक्य दत्तरावांना पुन्हा ऐकू येऊ लागले. आपकी यारी होना. दूसरी किसकी है इधर. काम हुआ की वापस लाके छोडते. त्या माणसाने हे सगळे ऐकून चष्मा पुसला होता. खांद्यावरचा हात फार जड लागू लागला.

अजूनही सावरता आले असते. खरे सांगायचे, म्हणजे बंदुकीपासून सांगायचे, हे त्यांच्याने होईना. पण आता योग्य शब्द तर मिळाला होता. बांध संपता संपता त्यांनी धीर केला.

“हुजूर, बोलने को शरम आती. हमको एक क्रेन होना था.”

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा हरभऱ्यात चरणाऱ्या करकोच्यांकडे. “बस? इतनी बात? पहले बोलना था. कल शाम तक लो.”

त्या रात्री गावाला निरोप गेला, की उद्या संध्याकाळी नक्की. बन्सीधरने आडाभोवतीची जागा झाडून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी बोलावलेला एक पारधी दारात उभा राहिला. त्याच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेला जिवंत करकोचा होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पायाला सुतळी बांधून तो अंगणातल्या खुंट्याला अडकवला. बंदूक आणली होती, पण यजमानाच्या गळ्यात माळ पाहिली आणि बंदूक गवसणीतून काढलीच नाही, असे ते दत्तरावांना म्हणाले. फासात जिवंत धरायला वेळ लागला, त्याची त्यांनी माफी मागितली.

दत्तरावांना या क्षणी आडातल्या इंजिनाचा हेवा वाटला. ते निदान कोणाला दिसत नव्हते.

करकोच्याने अंगण एकदा पाहून घेतले. मग मान लांब करून ओसरीच्या कडेची कळशी गाठली आणि चोच आत घालून तो सावकाश पाणी पिऊ लागला. कळशी नदीवरून नुकतीच आली होती. अंबाबाई आतून पाहत होत्या.

त्या परक्या पुरुषासमोर येत नसत. आता पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून बाहेर आल्या, कळशी पाखरापासून बाजूला केली आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“सायेब, तुमी मानूस सोन्यावानी. म्हनून म्हन्ते, जरा मागं या.”

साहेबांना शब्द समजले नसतील, पण ते उठले. अंबाबाई पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे दत्तराव, आणि वाटेत जो दिसेल तो त्यांच्या मागे. आडापाशी अंबाबाईंनी कडब्याच्या पेंढ्या पायाने सारल्या, एक फळी उचलली आणि आत बोट दाखवले. पाण्याच्या वर इंजिनाचे चाक अर्धे दिसत होते. त्याच्याभोवती राकेलाचे रंग तरंगत होते. मग त्यांनी कळशी डोक्यावर धरल्यासारखे हात केले, नदीकडे दाखवले, कमरेला हात लावला, आणि शेवटी नवऱ्याकडे बोट केले. यात उर्दूचा एकही शब्द नव्हता. साहेबांना सगळे समजले.

“ये कब का है?” त्यांनी विचारले.

दत्तरावांचे उर्दू त्या क्षणी संपले. त्यांच्या जागी बन्सीधर पुढे झाला. मुंबईची हिंदी बोलण्याची संधी त्याला फार दिवसांनी मिळाली होती. त्याने मिरवणूक सांगितली, करकोचे सांगितले, बंदूकसुद्धा सांगितली, आणि दत्तराव मागून डोळे वटारत असताना आनंदाने पुढे म्हणाला, “इसके वास्ते तो पाटील आपके पास यारी माँगने को गया था, साब. यारी मतलब वो गर्दनवाली. गोदी में यारीच बोलते.”

 गावाला यारीची गोष्ट आत्ता कळत होती आणि वेस फुकटच पडली तेही आत्ताच कळत होते, पण हसण्याचे धाडस कोणाला झाले नाही. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता.

“आप मशीन माँगने आये थे,” ते म्हणाले.

दत्तरावांनी मान हलवली.

“और दो दिन के बाद वापस लाके छोडनेवाले थे, वो भी मशीन को.”

दत्तरावांनी पुन्हा मान हलवली. बंदुकीचा परवाना जातो की काय, ही भीती त्यांना आठवलीसुद्धा नाही. तो गेला असता तर बरे वाटले असते.

साहेब रागावले नाहीत. यंत्र रुळावरून हातभरही खाली उतरत नाही, तेव्हा मागितले असते तरी मिळाले नसते, एवढे त्यांनी कामाच्या आवाजात सांगितले. अंबाबाईंना वाकून सलाम केला आणि खानसाम्याला छकडा जोडायला लावला. पडलेल्या वेशीतून जाताना त्यांनी दगडांकडे पाहिले नाही.

“आता बसा त्या पाखराशी उर्दू बोलत,” अंबाबाई म्हणाल्या.

दत्तरावांनी करकोच्याची सुतळी सोडली. तो गेला नाही. रात्रभर अंगणात एका पायावर उभा राहिला, आणि दत्तराव त्याला पाहत जागे राहिले. पहाटे वरून करकोच्यांची माळ ओरडत गेली तेव्हा तो चार पावले धावला आणि उठला.

त्याच सकाळी पिंगळीहून एक जमादार आणि रेल्वेचे गडी आले. बरोबर तीन लांब वासे आणि साखळीची मोठी कप्पी. मागून छकड्यात साहेब. वाशांचे तिकाटणे आडावर उभे राहिले, कप्पी चढली, एक गडी पाण्यात उतरून साखळी अडकवून आला. साहेब टोपी घालून काठावर उभे होते आणि हाताच्या खुणांनी काम करून घेत होते. दुपारच्या आत इंजिन वर आले. त्याच्या चाकात कोणाची तरी हरवलेली घागर अडकलेली होती. आड उपसून स्वच्छ कसा करायचा हे साहेबांनी जमादाराकरवी गावाला समजावून दिले. सगळे बोलणे गावाशी. दत्तराव पुढे झाले तर साहेब साखळीकडे पाहत, बाजूला झाले तर कप्पीकडे. दत्तरावांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी दोन्हीला हात लावून तो कपाळाला लावला आणि काही न घेता छकड्यात बसले.

आड उपसला गेला. गिरणी सुरू झाली, तिचा ठकठक आवाज शिवारभर जाऊ लागला. लोक पिठाच्या रांगेत उभे राहून पाटलांची यारी एकमेकांना सांगत आणि तिथे दत्तराव आले की हवापाण्यावर बोलत. दत्तरावांनी वेशीची कमान स्वतः उभे राहून पुन्हा बांधून घेतली. गावात आता त्यांच्यावर कोणी रागावलेले नव्हते. तरी दत्तरावांच्या ताटात रोज अर्धी भाकरी उरे.

“जाऊन या एकडाव,” अंबाबाई एके दिवशी ताट वाढताना म्हणाल्या.

“जाऊन काय म्हनू?”

“काईच म्हनू नका. तुमचं म्हननंच नडतंय.”

दत्तराव पिंगळीला गेले. पुलाचे काम संपत आले होते, रुळावरचे यंत्र मान खाली करून झाकून ठेवले होते. साहेब तंबूपुढे त्याच खुर्चीत होते. त्यांनी दत्तरावांना लांबूनच येताना पाहिले, पण उठले नाहीत.

“अब क्या गिराया, पाटिल?”

“कुछ नहीं गिराया, हुजूर.”

“फिर क्या होना?”

दत्तरावांनी वाटेत काहीही तयार केले नव्हते. “काई नको,” ते मराठीतच म्हणाले. “आसंच आलो.”

साहेबांनी जमादाराकडे पाहिले. जमादाराने सांगितले, “ऐसेच आये बोलते, सरकार.”

साहेबांनी दत्तरावांना नीट न्याहाळले. कपडे, हात, चेहरा. मग दुसरी खुर्ची मागवली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी जमादाराला जवळ बोलावले, आवाज खाली केला आणि म्हणाले, “साइकिल लेके जा. पाटिल के गाँव की बावडी में झाँक के आ.”

तेवढे उर्दू दत्तरावांना येत होते. त्यांनी मान खाली घातली आणि चहा आल्यावर कपबशी दोन्ही हातांनी धरली. सायकल धूळ उडवत गावच्या रस्त्याला लागली. मग दोघे समोरासमोर बसून राहिले. साहेबांनी यंदाच्या हरभऱ्याचे विचारले, दत्तरावांनी करकोच्यांनी खाल्ला म्हणून सांगितले, आणि करकोच्यांचे नाव निघताच दोघांनीही रिकामे कप पुन्हा तोंडाला लावले. चहा केव्हाच संपला होता, पण उठावे असे दोघांनाही वाटत नव्हते, किंवा उठायची हिंमत होत नव्हती.

उन्हे कलल्यावर जमादार परत आला. सायकल झाडाला टेकवून त्याने कपाळाचा घाम पुसला.

“देखा?” साहेबांनी विचारले.

“देखा, सरकार. पानीच है.”

 साहेबांनी खानसाम्याला हाक मारून सांगितले, की आज जेवणाला दोन ताटे लागतील, आणि एकात मटण नको.